क्रेटचं दार

क्रेट घरी आला तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "टोमॅटो कुठायत?" त्यांचं काही चुकलं नव्हतं, आपल्याकडे क्रेट म्हणजे एकतर टोमॅटोचा नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचा. मी सांगितलं, आई हा खारीसाठी, आपल्या पिल्लासाठी आहे, रात्री ती यात झोपणार. त्यांनी त्या तारेच्या खोक्याभोवती एक चक्कर मारली, दाराच्या दोन्ही कड्या वाजवून बघितल्या आणि म्हणाल्या, "पिंजरा म्हण की मग." मग मी त्यांना समजवायला बसले की नाही हो आई, पिंजरा वेगळा आणि क्रेट वेगळा, ही म्हणजे कुत्र्याची गुहा असते, गुहेत त्याला सेफ वाटतं वगैरे वगैरे, मागच्या पंधरा दिवसांत व्हिडिओ बघून बघून जे काही डोक्यात भरलं होतं ते सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "असेल बाई" म्हणाल्या आणि मटार सोलायला लागल्या.

याला आता चार वर्षं झाली. त्यांचंही बरोबर होतं आणि माझंही थोडंफार बरोबर होतं, पण मी खोक्याबद्दल बोलत होते आणि आई कड्यांबद्दल. हल्ली कुत्रं पाळणाऱ्यांमध्ये क्रेट चांगला की वाईट यावर जी जुंपते ना, तिथेही हेच होतं, सगळे खोक्यावर भांडतात. एक पार्टी म्हणते क्रेट नसेल तर तुमचं कुत्रं बिघडणार, दुसरी म्हणते क्रेट वापरणारे राक्षस आहेत, आणि या दुसऱ्या पार्टीतल्या निम्म्या लोकांचं कुत्रं रात्रभर गॅलरीत चार फुटी साखळीला असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की क्रेट घरात खुशाल असू दे, असावाच खरंतर, पण रोज रात्री कुत्र्याला आत घालून बाहेरून कडी लावायची आणि आपण एसीत जाऊन झोपायचं याला ट्रेनिंग म्हणणं मी सोडून दिलंय.

आधी ते गुहेचं प्रकरण. लांडग्याची मादी गुहा किंवा बीळ वापरते हे खरंय, पण कधी, तर पिल्लं व्हायची असतात तेव्हा. पिल्लं साधारण आठ-दहा आठवड्यांची झाली की सगळं बिऱ्हाड उघड्यावर येतं, आणि मोठे लांडगे एरवी उघड्यावरच झोपतात. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचंही तसंच. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या टीमने मोकाट कुत्र्या पिल्लं घालायला कुठली जागा निवडतात यावर काम केलंय, २०१६ साली ते छापून आलं, आणि त्यात दिसलं की या कुत्र्या माणसांपासून लांब एकांतात जात नाहीत, माणसांच्या वस्तीला चिकटूनच जागा शोधतात. आपण बघतोच की, जिन्याखाली, उभ्या गाडीखाली, वाळूच्या ढिगात, बंद दुकानाच्या फळीखाली. म्हणजे गुहा ही बाळंतिणीची खोली झाली, आणि बाळंतिणीच्या खोलीला बाहेरून कडी कुणी लावत नाही.

आणि झोपेचं म्हणाल तर शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे, काकचेष्टा बकोध्यानं श्वाननिद्रा तथैव च. विद्यार्थ्याने कुत्र्यासारखं झोपावं, म्हणजे सावध, तुकड्यातुकड्यांनी. मोठं कुत्रं दिवसाचे बारा-एक तास झोपतं पण सलग नाही, उठतं, चार पावलं चालतं, गोल गोल फिरतं, दुसरीकडे जाऊन पडतं. खारीचं रात्रीचं टाइमटेबल मला आता पाठ आहे. अकराला आमच्या पलंगाच्या पायथ्याशी, एक-दीडला मेन डोअरपाशी कारण फटीतून पॅसेजची हवा येते, तीनच्या सुमारास बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून, आणि पाचला परत आत, तेही आईंच्या खोलीत, कारण आई पाचला उठतात आणि उठल्यावर खारीला मारी बिस्कीट मिळतं जे द्यायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे.

ते बाथरूमच्या फरशीचं मला फार महत्त्वाचं वाटतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांना थोडासा येतो तेवढाच, बाकी जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या आणि पोट थंड जमिनीला टेकवायचं, एवढीच त्याची सोय. म्हणून आपल्याकडचं कुठलंही कुत्रं बघा, उन्हाळ्यात तुमची महागाची गादी सोडून शहाबादी किंवा कोट्याच्या फरशीवर मागचे पाय पसरून बेडकासारखं पडलेलं असतं. ज्या व्हिडिओंवरून मी शिकले तिथे बाहेर बर्फ पडतोय आणि आत हीटर चालू आहे, तिथे गुबगुबीत गादी घातलेला आणि वरून चादर टाकलेला क्रेट छानच वाटत असणार. ठाण्यात मे महिन्यात रात्री दोनला लाइट गेली की काय होतं ते त्या व्हिडिओवाल्यांना कुठून माहीत असणार. आपण उठून गॅलरीत येतो, पदराने नाहीतर पेपरने वारा घेतो. कडी लावलेल्या क्रेटमधलं कुत्रं कुठे जाणार? त्यातून ते पग असेल, चपट्या नाकाचं, तर त्याला धापाही धड टाकता येत नाहीत. प्लास्टिकचा बंद क्रेट असेल तर विचारूच नका. त्यामुळे आपल्या हवेत कुत्र्याला रात्री जागा बदलता येणं याला मी लाड म्हणत नाही, आपल्याला पंखा लागतो तसं आहे ते.

आता आमचा पराक्रम सांगते, कारण दुसऱ्याला शहाणपण शिकवायच्या आधी आपलं सांगावं. खारी आमच्या पार्किंगमध्ये सापडलेली, तीन महिन्यांची असेल, अंगावर गोचीड आणि पोट जंतांनी टम्म. एका ट्रेनरला विचारलं तर तो म्हणाला तीन रात्री रडू द्या, बघू नका, चौथ्या रात्री आपोआप गप्प होईल. पहिल्या रात्री ती दोन वाजेपर्यंत ओरडत होती, नवरा उठायला निघाला तर मीच त्याला धरून ठेवलं की आत्ता उठलास तर सगळं फुकट जाईल. दुसऱ्या रात्री जरा कमी. तिसऱ्या रात्री आवाजच नाही, आणि मी बहिणीला मेसेज टाकला की जमलं बरं का. सकाळी बघितलं तर पोरगी कोपऱ्यात स्वतःच्याच शू-शीमध्ये बसलेली, तारांवर नाक घासून घासून नाकाचं साल निघालेलं, आणि दार उघडल्यावर बाहेरच येईना. बसली नुसती. गप्प बसणं आणि निवांत होणं यात किती फरक असतो ते मला त्या सकाळी कळलं, घरात दोन बायका चाळीस वर्षं गप्प बसलेल्या बघूनही आधी कळलं नव्हतं हे आणखी एक.

हिशोब खरंतर चौथीतल्या पोराला जमेल असा आहे. पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास अधिक एक, एवढा वेळ ते शू धरू शकतं असं ढोबळ मानतात, म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू चार तास. आम्ही अकराला कडी लावत होतो आणि सहाला उघडत होतो. सात तास. क्रेटची सगळी आयडियाच या गोष्टीवर उभी आहे की कुत्रं आपली झोपायची जागा घाण करत नाही, त्यामुळे ते धरायला शिकतं, आणि आम्ही तिला अशा जागी बसवलं की घाण करण्यावाचून इलाजच नाही. म्हणजे जी चांगली सवय उपजत होती तीच मोडली. अमेरिकेत जिथे क्रेटचं एवढं प्रस्थ आहे तिथलीच ह्युमेन सोसायटी ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था (आता तिचं नाव ह्युमेन वर्ल्ड फॉर अ‍ॅनिमल्स) सांगते की सहा महिन्यांखालच्या पिल्लाला सलग तीन-चार तासांच्या वर क्रेटमध्ये ठेवू नका. हे व्हिडिओच्या शेवटी येत असेल, शेवटपर्यंत बघतंय कोण.

आणि पहिल्या रात्रीच्या त्या रडण्याचं अर्धं कारण तर पिल्लू घरी यायच्या आधीच घडलेलं असतं. आपल्याकडे जाहिराती कशा असतात, "३५ दिवसांचं पिल्लू, डबल बोन, हेवी हेड". २०१७ चे ब्रीडिंगचे नियम सांगतात की आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. म्हणजे जे अजून तीन आठवडे आईच्या कुशीत पाच-सहा भावंडांच्या ढिगात झोपायचं, ते आपण उचलून आणतो, रात्री एकट्याला खोक्यात घालतो आणि म्हणतो किती जिद्दी आहे बघा. जिद्दी कसलं, त्याला थंडी वाजतीय आणि आई पाहिजे.

आता यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "आमच्या गावाकडे नव्हतं बाई असलं काही, कुत्रं बाहेरच असायचं आणि मस्त असायचं." मी जतची, दुष्काळी भागातली, त्यामुळे हे मला कुणी सांगायला नको. आजोबांचा राजा होता, कारवानी, म्हणजे ती शिकारी जात, आणि गावठीची मिसळ, लांबलचक पायांचा. दिवसा तो लिंबाखाली बांधलेला असायचा. संध्याकाळी दिवेलागणीला ठरलेली कामं असायची, कोंबड्या डालायच्या, शेरडं आत बांधायची आणि कुत्रं सोडायचं. सगळे आत गेले की हा बाहेर. मेंढरं घेऊन फिरणारे धनगर बघा, रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे त्या जाळीच्या कुंपणात, आणि कुत्री वाघरीच्या बाहेर चारी बाजूंनी. रात्र ही कुत्र्याची ड्युटी होती आणि मोकळीक पण होती. शहरात आपण नेमकं उलटं केलं, दिवसभर मांडीवर आणि रात्री कडीत.

पण म्हणून गावाकडचं सगळं भारी असंही मी म्हणणार नाही. राजा एका रात्री रस्त्यावर ट्रकखाली गेला, आणि पौषातल्या थंडीत त्याला आत यावंसं वाटतंय का हे कुणी कधी बघितलं नाही. दाराशी यायचा, हाड म्हटलं की जायचा. त्याच घरात मांजर मात्र आजीच्या गोधडीत, थेट पायाशी घुसून झोपायची. देवघराच्या समोरून जायची, दुधाच्या भांड्यात तोंड घालायची, तिला सगळं माफ. मांजरीचे केस गोधडीला लागलेले चालतात आणि कुत्र्याचा पंजा उंबऱ्याला लागला की पाणी टाकायचं, हा कायदा कुणी केला देव जाणे. दत्ताच्या फोटोत चार कुत्री पायाशी बसलेली, त्यांना आपण चार वेद म्हणतो आणि हळदीकुंकू वाहतो, आणि पाचवं दारात आलं की हाड.

बाहेर सोडण्याचा आणखी एक भाग आहे ज्याच्यामुळे माझं क्रेटबद्दलचं मत एकदम सरळसोट राहिलं नाही, तो म्हणजे बिबट्या. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या ऊसपट्ट्यात, बिबट्या खातो काय याचा अभ्यास केला, २०१४ साली तो आला. बिबट्याच्या खाण्यात ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि त्यातही पहिला नंबर कुत्र्याचा, एकूण खाण्याच्या ३९ टक्के. शेळी-बोकड त्याच्या बरेच मागे. म्हणजे तिथे ओट्यावर साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे ताटात वाढून ठेवल्यासारखं आहे, त्याला पळताही येत नाही. तिथला शेतकरी रात्री आपलं कुत्रं पत्र्याच्या खोलीत नाहीतर वेल्डिंग करून घेतलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात घालून कडी लावत असेल तर मी त्याच्याशी अजिबात वाद घालणार नाही, उलट म्हणेन पिंजरा मोठा करा आणि पाण्याचं भांडं आत ठेवा. आमच्या घोडबंदर रोडलाही येऊरचं जंगल मागेच आहे, त्यामुळे खारीला रात्री खाली मोकळं सोडायचा प्रश्नच येत नाही. तर कडी का लावली हे विचारायला पाहिजे. कुत्र्याचा जीव वाचावा म्हणून लावली, की आपला गालिचा वाचावा म्हणून?

क्रेटच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे आणि ते मनापासून बोलते. रेल्वेने कुत्रं न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन बुक करा, नाहीतर ते गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये जाणार, लोखंडी खोकं, आवाज आणि अंधार. ज्या कुत्र्याने आयुष्यात कधी चार भिंतींचं खोकं बघितलं नाही त्याची तिथे काय अवस्था होत असेल. विमानाने न्यायचं तरी तेच, कुत्र्याला उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, आडवं होता आलं पाहिजे एवढ्या मापाचा क्रेट लागतो. माझी मावसबहीण न्यू जर्सीला जाताना तिचा लॅब्रेडॉर घेऊन गेली, दोन महिने आधीपासून त्याला रोज त्याच क्रेटमध्ये जेवायला घालायची, आणि तो तिकडे उतरला तेव्हा शेपूट हलवत उतरला, ती मात्र रडत होती. ऑपरेशनचंही तसंच. खारीची नसबंदी झाली तेव्हा टाके असताना उड्या मारायच्या नव्हत्या, तेव्हा आठवडाभर मी थोडाथोडा वेळ स्वतः कडी लावलीय. आणि दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, किंवा विसर्जनाला तो डीजे दारावरून जाताना, खारी आपणहून क्रेटमध्ये जाते, आम्ही वरून जुनी चादर टाकतो, दार उघडं. तेव्हा तो खरोखर गुहेसारखा वाटतो कारण ती स्वतः आत गेलेली असते.

हे जमलं कारण त्या तिसऱ्या रात्रीनंतर आम्ही सगळं मोडून पहिल्यापासून केलं. दार सुतळीने मागे बांधून टाकलं, तीन आठवडे दोन्ही वेळचं जेवण आत, चघळायचं हाड आत, आईंचं ते बेकायदेशीर बिस्कीट पण आत. रात्री क्रेट आमच्या पलंगाशेजारी, म्हणजे तिने कुं केलं की हात खाली सोडायचा, आणि मध्यरात्री एकदा अलार्म लावून नवरा तिला खाली न्यायचा (वॉचमन काका त्याला विचारायचे, साहेब नाइट शिफ्ट का). मग दिवसा, ती हाड चघळत असताना, एक मिनिट दार लोटायचं, उघडायचं. मग पाच मिनिटं. पाचव्या महिन्यापर्यंत ती रात्रभर कोरडी राहायला लागली, आणि कडीची गरज उरली नाही.

आता जे लोक म्हणतात की दोघं नोकरीला जातो, कुत्रं सोफा फाडतं, क्रेटशिवाय पर्याय नाही, त्यांनी फक्त एक बेरीज करावी. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक घर आहे, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा क्रेट, रात्री अकरा ते सहा क्रेट. नऊ आणि सात सोळा. दिवसाचे सोळा तास तो हस्की, हो बर्फातला हस्की, ठाण्यात, त्याच्या अंगाच्या मापाच्या खोक्यात असतो आणि घरचे सांगतात की किती शांत झालाय. एक-एक तुकडा बघितला तर प्रत्येकाला कारण आहे, ऑफिस आहे, झोप आहे, कामवाल्या मावशी घाबरतात. पण बेरीज कुणी करत नाही. आणि ज्या कुत्र्याला एकटं राहायचीच भीती आहे त्याला कोंडलं की भीती वाढते, तारा चावून दात तुटतात, नखं निघतात. सोफा बेकार, पण सोफ्याला दुखत नाही.

यासाठी कायदा आहे का तर आहे, १९६० सालचा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला बंदी करणारा. त्याच्या कलम ११ मध्ये हलायला पुरेशी जागा नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं, फार आखूड किंवा फार जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं, आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवून न आणणं, हे सगळे गुन्हे आहेत. शेवटचं पोटकलम तर खास कुत्र्यासाठीच लिहिलंय. शिक्षा काय, तर पहिल्या वेळी १० ते ५० रुपये दंड. पन्नास रुपयांत हल्ली वडापाव दोन येतात, फार तर वर एक चहा. आणि "पुरेशी", "अवाजवी" हे शब्द असे की वकिलाने कुठेही ताणावेत. तिकडे स्वीडनमध्ये घरात कुत्रं पिंजऱ्यात ठेवणं हे प्रवास, स्पर्धा असल्या तात्पुरत्या कारणांपुरतंच चालतं, आणि दिवसा दर सहा तासांनी तरी कुत्र्याला बाहेर न्यावं असं तिथलं सरकार सांगतं. तिथे काय कुत्री सगळी सोफे फाडत बसलीयत का? मला आपल्याकडे एवढंच पाहिजे, की "अवाजवी वेळ" याच्या जागी तासांचा आकडा यावा, क्रेटलाही आणि साखळीलाही आणि गॅलरीलाही, आणि दंडाला दोन शून्यं तरी वाढवावीत. पोलीस घरोघर जाऊन क्रेट मोजणार नाहीत हे मला कळतं, पण आकडा असला की शेजाऱ्याला बोलता येतं, डॉक्टरला सांगता येतं, ट्रेनरला "तीन रात्री रडू द्या" म्हणताना जरा विचार करावा लागतो.

गॅलरीचं मुद्दाम म्हटलं कारण सोसायटीच्या ग्रुपवर रात्रीच्या भुंकण्याच्या ज्या तक्रारी येतात त्यातली बहुतेक कुत्री गॅलरीतलीच असतात. गॅलरीत काय असतं, खालची मोकाट कुत्री दिसतात, त्यांचा वास येतो, रिक्षा येते, दूधवाला येतो, आणि घरातली माणसं काचेपलीकडे झोपलेली. भुंकेल नाहीतर काय करेल. कमिटीने अशा घराला नोटीस काढण्याआधी एवढंच सांगावं की रात्री कुत्रं आत घ्या, निम्मी तक्रार तिथेच संपेल. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालायचा अधिकार सोसायटीला नाही हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सांगून ठेवलंय, पण हक्क आहे म्हणून गॅलरीत कोंडून ठेवायचं आणि अख्ख्या विंगला जागं ठेवायचं हेही काही बरोबर नाही.

मग झोपायचं कुठे, पलंगावर का, असं विचारतात. पलंगाबद्दल माझं काही ठाम मत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१७ साली ४० कुत्रेवाल्यांच्या झोपेची मोजणी छापली होती, मनगटावर यंत्र बांधून, कुत्र्याच्याही गळ्यात यंत्र. खोलीत कुत्रं असल्याने माणसाची झोप काही फार बिघडत नाही असं निघालं, पण तेच कुत्रं पलंगावर चढलं की झोप जरा कमी प्रतीची होते. मला ते पटतं, पंचवीस किलोचं जनावर पायावर आडवं पडलं की काय होतं ते मी अनुभवलंय. गोचीड, जंत, नायटा यांचं बघत असाल, वेळेवर औषध देत असाल तर पलंग तुमचा, मर्जी तुमची. घरात तान्हं बाळ असेल, कुणाला दमा असेल तर खोलीच्या बाहेर. पण बाहेर म्हणजे हॉलमध्ये, माणसांचा श्वास ऐकू येईल अशा अंतरावर, घराबाहेर नाही. आणि ज्यांना कुत्रं रात्री घराच्या चार भिंतींच्या आतच नको आहे, सोवळं असो, केस असोत, काहीही असो, त्यांनी फ्लॅटमध्ये कुत्रं आणूच नये असं मी तोंडावर सांगते आणि त्यामुळे दोन घरी माझं जाणंयेणं कमी झालंय.

मागच्या रविवारी बी विंगमधला मुलगा आला, नवीन बीगल आणलाय, अडीच महिन्यांचा. "ताई, तुमचा क्रेट पडूनच असतो ना, पंधरा दिवस द्याल का?" म्हटलं ने की. घेऊन गेला, अर्ध्या तासाने परत दारात. "ताई, याला दार नाहीये." म्हटलं माहितीये, दार मी काढून माळ्यावर ठेवलंय, आधी पंधरा दिवस असाच वापर, जेवण आत दे, क्रेट तुझ्या पलंगाला लावून ठेव, रात्री दोन वेळा उठ. मग ये, दार देते. तो म्हणाला, पण मग तो रात्री बाहेर येईल ना. आई आतून म्हणाल्या, "येऊ दे की. तू कुठे चाललायस?"

अजून आठ दिवस राहिलेत त्याचे. काल लिफ्टमध्ये भेटला, डोळे सुजलेले, हातात मारी बिस्किटाचा पुडा.